इस्तावा की इनाम?

सिंधुदुर्गनगरी हे गाव कोणा सावकाराने वसविले नाही, बंदराच्या भरभराटीतून ते उगवले नाही, की देवस्थानाच्या जत्रेने त्याला आकार दिला नाही. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन नवा जिल्हा अस्तित्वात आला, त्याला मुख्यालय हवे होते, आणि मालवण, कुडाळ, सावंतवाडी, कणकवली यांपैकी एकाही नांदत्या गावाची निवड न करता सरकारने ओरोसला, मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेला, कचेऱ्यांचे एक नवे नगर आखले. जिल्हाधिकारी आले, जिल्हा परिषद आली, पुढे रेल्वेचे स्थानक आले. परंतु कचेरी सुटली की निम्मे नगर आपापल्या गावची एस.टी. पकडते आणि सायंकाळी येथे जी शांतता पसरते ती खेड्याचीही नसते आणि शहराचीही नसते. सरकारी हुकुमाने काय उभे राहते आणि काय राहत नाही याचा अभ्यास ज्याला करावयाचा असेल, त्याने चार दिवस येथे मुक्काम करावा.

सरकारने खाजगी कंपन्यांना अनुदाने, करमाफी, स्वस्त जमिनी द्याव्यात की नाही, या प्रश्नावर येथील दोन वृद्ध गृहस्थांचा वाद मी दीर्घकाळ ऐकत आलो आहे. त्यांपैकी एक उद्योग खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी. त्यांना सारे रावसाहेब म्हणतात. दुसरे मालवण तालुक्यातले, तरुणपणी लालबागेत साच्यावर उभे राहिलेले, 1982 च्या गिरणी-संपानंतर गावी परतलेले, आणि आजही मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची सभासद-वर्गणी नेमाने भरणारे; ते भाई. दोघांचा परस्परांविषयीचा आदर इतका जुना आहे की वादात आवाज चढला तरी 'तुम्ही'चे 'तू' होत नाही. त्यांचे म्हणणे मी येथे थोडे सावरून मांडतो आहे. कारण प्रत्यक्षात भाई एका वाक्यात तीन विषय घेतात आणि रावसाहेब एका विषयाला तीन शासन निर्णय जोडतात.

रावसाहेबांची भूमिका अशी. "भाई, सवलत ही गोष्ट काही भांडवलशाहीने काल शोधून काढलेली नाही. आपल्याकडे पडीक जमीन लागवडीस आणावयाची असली म्हणजे सरकार रयतेला कौल देत असे. पहिली वर्षे नाममात्र सारा, मग दरसाल थोडा चढता, आणि ठरलेली मुदत सरली की पूर्ण दस्त. यालाच इस्तावा म्हणत. नवी पेठ वसवावयाची तर शेटे-महाजनांना काही वर्षे जकात माफ असे. पुण्याच्या कित्येक पेठा अशाच वसल्या. मग 1964 साली महाराष्ट्र सरकारने सामूहिक प्रोत्साहन योजना काढून 'मुंबई, ठाणे, पुणे सोडून बाहेर चला, आम्ही तुमचा भार काही वर्षे उचलतो' असे कारखानदारांना सांगितले, तर त्यात कोणते पाप झाले? 1962 त औद्योगिक विकास महामंडळ आले, 1966 त सिकॉम ही राज्याची वित्तसंस्था आली. तालुक्यांची अ, ब, क, ड, ड-अधिक अशी प्रतवारी झाली आणि जितका तालुका मागास तितकी सवलत मोठी, असे तत्त्व ठरले. 2013 च्या योजनेत तर विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि आपल्याकडचे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येथील नव्या घटकांना विजेच्या प्रत्येक युनिटमागे एक रुपया परत देण्याची तरतूद होती. ही समतेचीच भाषा आहे. तुमच्या पक्षाने तिचे स्वागत करावयास हवे."

येथे भाई साधारणतः मालवणीवर येतात. "सरकारान दिल्यान, पण घेतल्यान कोणी?" असे म्हणून ते पुन्हा पुस्तकी मराठीत शिरतात, आणि मग त्यांना थांबविणे कठीण असते. "साठ वर्षे योजना चालली, तिची नावे बदलली, कलमे बदलली. मग ज्या जिल्ह्याला इतकी मोठी प्रत मिळाली त्या जिल्ह्यातले पोरगे आजही मुंबई-पुण्याची आणि गोव्याची वाट का धरते? कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत भूखंड घेऊन ठेवणारे किती आणि त्यावर यंत्र फिरविणारे किती, हे तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. कारखाना जातो तो बाजारपेठ, कुशल कामगार, सुटे भाग आणि बंदर यांच्याकडे. चाकण, रांजणगाव, वाळूज येथे तो सवलत नसती तरी गेला असता. तेथे सवलत ही जेवून उठलेल्याच्या पानावर वाढलेली बासुंदी होते. आणि येथे, जेथे तो सवलत देऊनही येत नाही, तेथे तुमचा रुपया कागदावरच राहतो. याला समता म्हणत असाल तर म्हणा."

या उत्तरात अतिशयोक्ती आहे. वाळूजचा माळ पूर्वी काही आपणहून उद्योगांना बोलावीत नव्हता, आणि औरंगाबादच्या वाढीत त्या जुन्या विक्रीकर-सवलतींचा वाटा नाकारणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. रावसाहेबांनी हे दाखवून दिले, तेव्हा भाईंनी ते मान्य केले नाही, पण विषय बदलला. आणि वादात विषय बदलणे ही मान्यतेचीच एक रीत असते.

बदललेला विषय मात्र मूळ विषयापेक्षा महत्त्वाचा होता. भाई म्हणाले, "ही सवलत नेमकी कोणाच्या पैशातून जाते ते पाहू. विक्रीकर कारखानदार स्वतःच्या खिशातून कधीच भरत नव्हता. साबणाच्या वडीमागे तो गिऱ्हाइकाकडून घेतला जाई आणि कारखानदाराने तो खजिन्यात पोहोचवावयाचा असे. त्याला 'हा भरणा तू आत्ता करू नकोस, पुढे कित्येक वर्षांनी बिनव्याजी कर' असे सांगणे म्हणजे वसुली-कारकुनाला वसूल घरी ठेवण्याची मुभा देणे. आता त्याचे नाव औद्योगिक प्रोत्साहन अनुदान झाले आणि राज्याच्या हिश्शाचा वस्तू-सेवा कर आधी भरून मग परत मिळतो. रीत सुधारली, पण पैसा त्याच गिऱ्हाइकाचा. म्हणून आमचा पक्ष याला सूट म्हणत नाही, खर्च म्हणतो. केंद्राच्या अर्थसंकल्पाबरोबर 2006 पासून बुडालेल्या महसुलाचे विवरणपत्र निघू लागले, ते आमचे लोक संसदेत इतक्या वेळा वाचून दाखवीत की समोरचे कंटाळत. आणि 20 सप्टेंबर 2019 रोजी एका वटहुकुमाने कंपन्यांचा आयकर 30 टक्क्यांवरून 22 वर आला, नव्या कारखान्यांना तर 15. सरकारनेच सांगितले की यात वर्षाला 1 लक्ष 45 हजार कोटींचा महसूल सुटेल. तेवढा पैसा रोजगार हमीत, सिंचनात, रुग्णालयांत घातला असता तर कारखान्यांच्या मालाला गिऱ्हाईक मिळाले असते. ज्याच्या मालाला उठाव नाही तो कर कमी केला म्हणून दुसरे यंत्र मांडीत नाही; तो पैसा शिलकीत टाकतो."

"पण आमच्या योजनेत आधी काही मिळतच नाही," रावसाहेब म्हणाले. "कारखाना उभा राहावा, उत्पादन सुरू व्हावे, पात्रता प्रमाणपत्र मिळावे, कर भरला जावा, मग परतावा. काम आधी, दाम नंतर. यात सरकार फसण्यास जागा कोठे आहे?"

"दाभोळला," भाई म्हणाले.

गुहागरच्या त्या प्रकल्पाचा इतिहास कोकणात पुन्हा सांगण्याची गरज नसावी; तरीही थोडक्यात. डिसेंबर 1993 मध्ये एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी राज्य वीज मंडळाने करार केला, त्यात विजेचा दर डॉलरशी बांधला गेला, वीज उचलली नाही तरी पैसे देण्याचे बंधन आले, आणि मंडळाच्या मागे राज्याची हमी व राज्याच्या मागे केंद्राची प्रतिहमी उभी राहिली. 1995 त नव्या युती सरकारने करार मोडला आणि 1996 त फेरवाटाघाटी करून पुन्हा जोडला. सीटू ही मार्क्सवादी पक्षाची कामगार संघटना आणि अभय मेहता यांनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, ती याचिका फेटाळली गेली. 1999 त वीज सुरू झाली, आणि दोनच वर्षांत मंडळाला ती परवडेनाशी होऊन 2001 त कंपनी हमी आणि प्रतिहमी वटविण्यास निघाली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत एन्रॉनचेच दिवाळे वाजले.

रावसाहेबांनी येथे अधिकाऱ्याला शोभेलसा भेद केला: हमी वेगळी, सवलत वेगळी. भाईंचे उत्तर मला या सबंध वादातले सर्वांत मार्मिक वाटले. ते म्हणाले, "अनुदान निदान अर्थसंकल्पात एका ओळीवर दिसते, त्यावर कोणी आमदार कपात-सूचना आणू शकतो. हमीची ओळच नसते. जामीन राहणाऱ्याला सही करताना काही खर्च येत नाही. म्हणून ती सही तो उदारपणे करतो. सर्वांत महाग सवलत तीच, जी देताना फुकट वाटते."

आता रावसाहेबांनी आपला राखून ठेवलेला हुकमी पत्ता काढला. "तुमचा पक्ष विरोधात असताना काय म्हणतो ते मी ऐकले. बंगालात सत्तेत असताना त्याने काय केले? 1994 साली ज्योती बसूंनीच नवे औद्योगिक धोरण जाहीर करून खाजगी भांडवलाचे स्वागत केले. पुढे सिंगूरला टाटांच्या लहान मोटारीसाठी 997 एकर जमीन घेतली, आणि कंपनीला उत्तराखंडात जेवढ्या सवलती मिळाल्या असत्या त्यांच्या तोडीच्या सवलती देण्याचा करार केला. ऑक्टोबर 2008 मध्ये कंपनी गुजरातेत साणंदला गेली. 2011 त चौतीस वर्षांची राजवट कोसळली. 31 ऑगस्ट 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादनच रद्द ठरविले, आणि 2023 च्या ऑक्टोबरात लवादाने बंगालच्या औद्योगिक महामंडळावर 765 कोटी 78 लाखांचा आणि वर व्याजाचा बोजा टाकला. सवलतीचे इतके कडू पीक तर आमच्या काँग्रेसवाल्यांनीही काढले नाही."

भाई बराच वेळ चष्मा पुसत होते. या प्रश्नावर डावे लोक दोन तऱ्हांनी बोलतात. काही सिंगूरचे खापर विरोधकांच्या कारस्थानावर फोडतात, काही तो अध्यायच गाळतात. भाईंनी यांपैकी काही केले नाही, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. ते म्हणाले, "सिंगूरला आमचे चुकले, आणि चुकले ते सवलत दिली म्हणून नव्हे. 2005 साली दिल्लीच्या अठराव्या अधिवेशनात पक्षाने ठरावच केला आहे की परके भांडवलसुद्धा चालेल, पण त्याने उत्पादनक्षमता वाढवावी, नवे तंत्र आणावे, रोजगार निर्माण करावा. म्हणजे देणे-घेणे आम्हांला वर्ज्य नाही, शर्त हवी. सिंगूरला शर्त कंपनीवर घालावयाची ती शेतकऱ्यावर घातली गेली. ज्याची जमीन, त्याला विचारलेच नाही. तिकडे रायगडात आमचेच भाऊबंद, शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील, महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध शेतकऱ्यांना घेऊन उभे होते आणि 21 सप्टेंबर 2008 रोजी पेणच्या बावीस गावांत सरकारला लोकमत घ्यावे लागले. त्याच सुमारास एका राज्यात आम्ही जमीन घेणारे आणि दुसऱ्या राज्यात आमचे मित्र आंदोलक! पण रावसाहेब, एक पाहा. बंगालने ती सवलत का दिली? उत्तराखंड देत होते म्हणून. साणंदने का दिली? बंगाल देत होता म्हणून. 2022 त वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावहून गुजरातेत गेला तेव्हा महाराष्ट्रात केवढा शोक झाला, आणि वर्षभराच्या आत फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतले. एकाच देशाची राज्ये एकमेकांवर बोली चढवितात आणि मक्ता कोणाच्याही नावे सुटो, नफा बोली लावणाऱ्याचा नसतो. एकटे डावे राज्य या लिलावातून उठून गेले, तर त्याच्या दारात कारखाना येत नाही. बसले, तर आमच्यासारखे तोंडघशी पडते."

"म्हणजे उपाय दिल्लीने करावा," रावसाहेब म्हणाले.

"दिल्लीने निदान बोलीला कमाल मर्यादा घालावी."

हे उत्तर मला पुरते पटत नाही. सर्व राज्यांना एकच मर्यादा लागू केली तर सर्वाधिक लाभ बंदर, बँका आणि कुशल कामगार आधीच पदरी असलेल्या राज्यांचा होईल, आणि ज्या मागासलेल्या मुलखासाठी भाई बोलतात त्याच्या हातातले एकमेव नाणे काढून घेतले जाईल. हे मी बोलून दाखविले, तेव्हा दोघांनीही माझ्याकडे असे पाहिले, जसे मुरलेले भांडणारे मध्यस्थाकडे पाहतात.

वाद गावाकडे वळला तो चिपीच्या विमानतळावरून. परुळे-चिपीच्या पठारावर औद्योगिक महामंडळाने जमीन द्यावी, आय.आर.बी. या खाजगी कंपनीने विमानतळ बांधावा व चालवावा, अशी ती व्यवस्था. 9 ऑक्टोबर 2021 रोजी तो खुला झाला. 'उडान' योजनेखाली विमान कंपनीला पडणारी तूट तीन वर्षे भरून दिली जाते आणि त्याचा निधी इतर मार्गांवरील उड्डाणांवरच्या आकारणीतून उभा राहतो. मुंबईची विमानसेवा या आधारावर चालली आणि मुदत सरल्यावर 2024 त खंडित झाली. भाईंच्या मते हा त्यांच्या सिद्धान्ताचा साक्षात पुरावा: सवलत संपली, पाखरू उडाले. रावसाहेब मिस्कीलपणे म्हणाले, "पण पाखरू तुमचेच होते. अलायन्स एअर ही सरकारी मालकीची कंपनी. मग दोष खाजगीपणाचा की तीन वर्षांत प्रवासी कसे वाढवावेत याचा कोणी विचारच केला नाही याचा?" भाई यावर हसले, पक्षाच्या दप्तरात या प्रश्नाचे उत्तर नसावे.

पण मग त्यांनी काजूचा विषय काढला, आणि येथे मला त्यांची बाजू सर्वांत भक्कम वाटली, कारण येथे ते घोषणेतून नव्हे, अनुभवातून बोलत होते. दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळच्या डोंगरउतारांवर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने सिद्ध केलेल्या जातींची कलमे लागली, काजूचे कारखाने निघाले, आणि या कारखान्यांना राज्याच्या हिश्शाचा वस्तू-सेवा कर परत मिळण्याची सवलत मिळाली. "मिळू दे," भाई म्हणाले, "हे कारखानदार टाटा-अंबानी नव्हेत, आपल्यातलेच आहेत, कर्ज काढून बॉयलर बसविणारे. पण ते आफ्रिकेतले स्वस्त बी आणून भाजतात आणि आमच्या शेतकऱ्याचे बी आंबोलीच्या घाटाखाली पडून राहते. सीमेपलीकडे गोव्याचे सरकार बागायतदाराला आधारभूत किंमत देते. आणि आमच्या कारखान्यांत बसून गरावरची साल काढणाऱ्या बाया उक्त्या दराने, किलोवर मजुरी घेतात. परताव्याच्या हुकुमात एवढेच लिहा: निम्मे बी स्थानिक घेतले असेल आणि किमान वेतन दिले असेल, तर परतावा, नसेल, तर नाही. याने कोणता उद्योग गोव्याला पळून जाईल? काजूची झाडे येथेच आहेत."

रावसाहेब खात्यात असते तर कदाचित याला उत्तर देऊ शकले असते; निवृत्त माणसाला खरे बोलण्याची सवलत असते. ते म्हणाले, "शर्ती आमच्याकडेही आहेत. सवलत घेणाऱ्या घटकाने एकूण कामगारांत 80 टक्के आणि पर्यवेक्षकीय जागांवर 50 टक्के स्थानिक माणसे घ्यावीत, हा जुना नियम आहे. मोठ्या प्रकल्पांना 2013 च्या योजनेत अ आणि ब गटांत 750 कोटींची गुंतवणूक किंवा 1,500 रोजगार अशी अट होती. यातले एक पुरे केले की दुसरे कोणी विचारीत नसे. शर्त लिहिणे सोपे असते, भाई. ती तपासण्यास माणूस लागतो, आणि तपासून परतावा अडविणाऱ्या माणसाची बदली होते."

"मग तुमचा इस्तावा कोठे राहिला?" भाईंनी ही संधी सोडली नाही. "इस्तावा दरसाल चढत होता. कुणब्याने जमीन लागवडीस आणली नाही तर कौल रद्द होई. तुम्ही देता ते इनाम आहे, वंशपरंपरेचे. मी गिरणगावात पाहिले ना! 1991 च्या विकास नियमावलीत गिरणी मालकांना जमीन विकण्याची वाट दिली ती एका शर्तीवर: एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेला, एक तृतीयांश घरांना, आणि विक्रीचे पैसे गिरणी सावरण्यास. 2001 त नियम असा बदलला की हा हिस्सा फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीचा. आणि 2006 त सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. गिरणी सावरली नाही. शर्त मात्र सावरून घेतली गेली. इंग्रजांनी 1852 त इनाम कमिशन नेमले, जुन्या सनदा तपासल्या आणि ज्याला आधार नाही ते इनाम खालसा केले. ते त्यांनी स्वतःच्या तिजोरीसाठी केले, रयतेसाठी नव्हे, हे मला कळते. पण सनद मागून पाहण्याची रीत वाईट नव्हती."

"ती रीत आता तुमच्याच हातात आहे," रावसाहेब म्हणाले आणि त्यांनी कागद ओढला. सारे आयुष्य ज्या खात्याच्या बाजूने ते लढले त्याच खात्याला प्रश्न विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज ते भाईंना सांगू लागले. "लहान घटकांची पात्रता जिल्ह्यात ठरते, ती येथे विचारा. मोठ्यांची कागदपत्रे मुंबईला, उद्योग संचालनालयात. 'किती सवलत दिली' असे मोघम विचारू नका. आकडा येईल आणि काही कळणार नाही. घटकवार मागा: पात्रता प्रमाणपत्राची तारीख, मंजूर रक्कम, दरसाल वाटलेली रक्कम, प्रमाणपत्रात लिहिलेले कामगार, आणि भविष्य निर्वाह निधीच्या भरण्यात दिसणारे कामगार. ते कलम 8 दाखवून व्यापारी गुपित म्हणतील. तेव्हा अपिलात लिहा की सरकारी पैशाचे वाटप हे कोणाचे गुपित नसते."

"कंत्राटी कामगार निधीच्या भरण्यात कंपनीच्या नावे दिसत नाहीत," भाई म्हणाले. "काजूच्या बाया तर कोठेच दिसणार नाहीत."

"मग कंत्राटदाराचे नाव आणि त्याचा भरणा, हेही घाला. पण राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत. तुमचे प्रास्ताविक गाळावे लागेल."

भाईंनी प्रास्ताविक गाळले नाही. त्यांनी दोन अर्ज केले.